साधा पिझ्झा, डावीकडे करपलेला

३ नोव्हेंबर, सोमवार

संपादकांनी बोलावलं. ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत आणि मला ‘सर’ म्हणतात. ज्या दिवशी दोनदा ‘सर’ म्हणतात त्या दिवशी माझ्या गळ्यात काहीतरी पडतं. आज तीनदा म्हणाले.

“सर, तेवीस तारखेच्या रविवार पुरवणीला शहर आणि आसपासच्या उत्तम पिझ्झ्यांची यादी हवी. क्रमवार. सर, तुम्हीच करा.”

“मी पाणीपुरवठा बघतो.”

“म्हणूनच तर. तुम्हाला पिझ्झा आवडत नाही. पक्षपात होणारच नाही, सर.”

बत्तीस वर्षं मी नगरपालिकेच्या सभा, फुटलेल्या जलवाहिन्या आणि त्या का फुटल्या याबद्दलचे खुलासे लिहीत आलो. संस्कृतात एम. ए. केलं त्याचा उपयोग आजवर फक्त मृत्युलेखांना झाला. आता मैद्याला होणार.

घरी येऊन हिला सांगितलं. ही रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत प्रमुख आहे, त्यामुळे कुठलाही निकाल चेहऱ्यावर न दाखवण्याची सवय तिला नोकरीतच लागली आहे.

“आणि दुकानवाल्यांनी ओळखलं तर?”

“माझ्या सदरावर चौदा वर्षं एकच फोटो छापतात. त्यात मला केस आहेत. आता कोण ओळखणार? शिवाय टोपी घालीन.”

हिने टोपी झटकून माझ्यापुढे ठेवली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पद्धत ठरवली. ज्ञानाची साधनं न्यायशास्त्राने चार सांगितली आहेत, ती पिझ्झ्यालाही पुरावीत. प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः खाणं. अनुमान, म्हणजे कडेवरच्या काळ्या ठिपक्यांवरून भट्टीची आच ओळखणं. उपमान, म्हणजे एकाशी दुसऱ्याची तुलना. त्यासाठी सगळीकडे एकच प्रकार मागवायचा: साधा, वर टोमॅटो, चीज आणि एक पान. चौथं साधन शब्द, म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. ते बाद, कारण इथे बोलणारे सगळे मालक.

पाचवं साधन माझं स्वतःचं आहे. तीस सेंटिमीटरची स्टीलची मोजपट्टी. ‘भरपूर मोठा’ हे वर्णन बातमीत चालत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुख्य चौकातलं काचेचं दुकान. मालक टाय लावून फिरतो, म्हणून इथे त्याला टायवाला म्हणतो. खिडकीजवळचं टेबल सुदैवाने रिकामं होतं. त्यावरची ‘राखीव’ अशी पाटी मी बसताना टायवाल्याने स्वतः उचलली.

नऊ मिनिटांत पिझ्झा. वाफ, सोनेरी कड, पान जणू आत्ताच तोडलेलं. मोजायला गेलो तर पट्टी एक सेंटिमीटरने कमी पडली. एकतीस! अर्धा खाल्ला, पोट भरलं. निघताना टायवाला म्हणाला, “चव लक्षात राहील अशी आशा आहे.” सभ्य माणूस. माझा फोटोही काढत होता बहुतेक, पण ते माझ्या मागच्या भिंतीवरच्या रंगाचं काम दाखवण्यासाठी असावं.

नऊ गुण.

९ नोव्हेंबर, रविवार

दोन ठिकाणं. आधी वळणरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशेजारचं. मी तोंड उघडायच्या आत काउंटरमागची बाई म्हणाली, “साधाच ना?” याचा अर्थ इथला साधा पिझ्झा प्रसिद्ध असला पाहिजे. नोंद केली. बरोबर तीस सेंटिमीटर. साडेआठ.

मग जलतरण तलावामागचं. तिथे आठ मिनिटांत पिझ्झा आला, आणि आचारी स्वतः बाहेर येऊन मी पहिला घास गिळेपर्यंत हात पुसत उभा राहिला. आपल्या कामावर इतकं प्रेम असलेली माणसं अजून आहेत. आठ.

कुतूहलाची एक गोष्ट: कडेला फुगे का येतात? आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “चांगल्या पिठाला येतात, साहेब.” हे उत्तर पाणीपुरवठा अभियंत्याला शोभलं असतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कॉलेजच्या मागची गल्ली. मी पट्टी बाहेर काढताच मालकाने वरचा दुसरा दिवा लावला आणि विचारलं, “मोजायला उजेड पुरे ना?” एकोणतीस सेंटिमीटर. या शहरात इतकं सौजन्य आहे, आणि मी बत्तीस वर्षं सभागृहात बसून काढली.

हिला सांगितलं. ती म्हणाली, “सगळीकडेच?”

“सगळीकडेच.”

“हं,” म्हणाली आणि नळ बंद करायला गेली. नळ बंदच होता.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज यादीतलं शेवटचं ठिकाण. रेल्वेचं फाटक ओलांडून बंद पडलेल्या फरशीच्या कारखान्याची भिंत लागते. तिच्या टोकाला एक पत्र्याची शेड आहे, तिला चिमणी. पाटी नाही. आत एक पंचेचाळिशीची बाई, बाह्या कोपरापर्यंत वर, समोर हातांनी बांधलेली विटांची भट्टी. त्या विटा कारखान्याच्याच, काहींवर अजून शिक्का आहे.

“एक साधा,” म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, कागदाच्या एका चिठ्ठीवर काहीतरी खरडलं आणि ती खिळ्याला खोचली. नाव विचारलंच नाही. ती गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही. दिसतं ते लिहिते. खिळ्यावरची माझ्या आधीची चिठ्ठी वाचता आली: ‘हिरवी स्कूटर, खोकला’.

“किती वेळ?”

“आच यायची आहे अजून.”

“म्हणजे किती?”

“येईल तेव्हा.”

चाळीस मिनिटं लागली. पाणी मागितलं तर माठाकडे बोट दाखवलं. ती मधूनच चिमूटभर पीठ भट्टीच्या तळावर टाकायची, ते जळताना बघायची आणि मान हलवायची. शेवटी एकदाची मान हलली नाही. मग लांब दांड्याच्या फावड्यावरून पिझ्झा आत गेला आणि माझ्या घड्याळाप्रमाणे नव्वद सेकंदांत बाहेर आला.

डावी बाजू करपलेली. मी पट्टी लावली तशी ती म्हणाली, “मोजा, मोजा. डावीकडे विस्तव जवळ आहे, तिथे जरा जास्त भाजतं. तेही लिहा.”

साडेसव्वीस सेंटिमीटर. दिरंगाई, करपणे, आकार, स्वतः पाणी घेणे, सगळं धरून साडेपाच गुण. पाचांत पाचवी.

एक नोंदवायचं राहिलं. बाकी चारही ठिकाणी अर्धा पिझ्झा उरला होता. इथे काही उरलं नाही, करपलेली कडसुद्धा. वाट बघून भूक लागली असणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पडताळणीसाठी पुन्हा शेडमध्ये गेलो. पडताळणी बाकी चार ठिकाणीही करायला हवी हे मान्य आहे, पण शेड कार्यालयापासून तशी जवळ पडते. (पडत नाही. बस बदलावी लागते.)

आज माझ्याआधी एक बसचालक बसला होता. त्यामुळे ऐकता आलं.

“ताई, शिकलात कुठे?” त्याने विचारलं.

“कुठे शिकायचं? एकोणीस वर्षं फरशी भाजली. विस्तवाचा रंग कळतो. फरशी काय, मैदा काय, माती तेवढी बदलली.”

“मग ती हॉटेलं बघा कशी चालतात. तुम्ही एक पाटी तरी लावा!”

“आता पाटी कशाला? शेड भावाची. त्याला मालाची गाडी लावायला जागा पाहिजे. तो म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघ. रोजचे चाळीस गोळे संपायला लागले तर ठेव तुझी भट्टी. नाहीतर पाडू आणि तू माझ्या दुकानात येऊन बस.”

“आज किती गेले?”

“चौदा. हे दादा धरून पंधरा.” माझ्याकडे वळून, “आज मोजपट्टी नाही आणली?”

“पडताळणीला लागत नाही,” म्हणालो.

फुग्यांचं उत्तरही तिने दिलं. पीठ आदल्या दिवशी मळून थंडीत ठेवायचं, त्यात वारा धरतो. भट्टी खूप तापलेली असेल तर तो वारा बाहेर पडायच्या आतच कड भाजली जाते आणि फुगा तसाच उभा राहतो. कमी आचेवर तो बसतो. म्हणजे फुगा हा आचेचा पुरावा आहे, पिठाच्या चांगुलपणाचा नाही. धुरावरून अग्नीचं अनुमान करायला आम्ही दोन वर्षं शिकलो. फुग्यावरून करायला कोणी शिकवलं नाही. मी तिला आणखी सात प्रश्न विचारले. सातव्याला म्हणाली, “दादा, गार होतोय.”

१९ नोव्हेंबर, बुधवार

यादी दिली. टायवाला पहिला, भट्टीवाली पाचवी. रात्री लिहिताना साडेपाचाचे सहा केले होते. सकाळी तो अर्धा गुण दयेचा आहे असं वाटलं. दया चारांपैकी कुठल्याच साधनात बसत नाही, म्हणून खोडला.

यादीत पाचवी आली तरी नाव छापून येईलच, असं स्वतःला सांगितलं. पण पाच जणांच्या यादीत पाचव्याला बघायला फाटक ओलांडून कोण जाणार? मीही गेलो नसतो.

मन लागत नाही. पद्धत निर्दोष आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ही कामावरून येताना एक खोका घेऊन आली. टेबलावर ठेवला.

“तुमचा पहिला नंबर. टायवाल्याकडून. साधाच घेतला, खिडकीजवळचं टेबल मात्र नाही मिळालं. राखीव होतं.”

कड चामड्यासारखी. चीज एका बाजूला सरकून बसलेलं, जणू त्यालाही तिथे राहायचं नव्हतं. पानाचा पत्ता नाही. मी पट्टी आणली. सत्तावीस.

“माझा एकतीस होता,” म्हणालो. “चार सेंटिमीटर गेले कुठे?”

“तुम्ही खाल्लेत ना.”

“म्हणजे?”

“अहो, त्यांनी ओळखलं तुम्हाला.”

“टोपी होती!”

“टोपीखाली चेहरा होता. चौदा वर्षं दर रविवारी छापून येतो. आणि पिझ्झा पट्टीने मोजणारी माणसं या शहरात किती असतील? मला एक माहीत आहे.”

मी खुर्चीत बसलो. राखीव पाटी, ‘साधाच ना’, हात पुसणारा आचारी, दुसरा दिवा, सगळे एकेक करून डोळ्यांपुढून गेले, आणि प्रत्येकाने जाताना मला नमस्कार केला.

“आमच्याकडे नळीवर नाव नसतं,” ही म्हणाली, “नंबर असतो. नमुना कोणाचा ते तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. तुमच्या तपासणीत नमुन्यालाच कळत होतं की तपासतंय कोण.”

“हे तुला कधीपासून माहीत होतं?”

“टोपी घेतलीत तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“निकाल यायच्या आधी आम्ही बोलत नाही.”

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिच्या प्रयोगशाळेतल्या चौघीजणींनी आजची जेवणाची सुट्टी मला दिली. हिने प्रत्येकीच्या हाती एक पट्टी दिली आणि बजावलं: पट्टी खाली, मांडीवर लपवून. चौघी चार दिशांना गेल्या. टायवाल्याचा निकाल हिच्याकडे होताच.

दुपारी त्यांच्या चहाच्या टेबलावर निकाल लागले. पेट्रोल पंप: माझा तीस, त्यांचा सव्वीस, पान नाही. जलतरण तलाव: मला आठ मिनिटं, त्यांना पस्तीस, आणि आचारी काही हात पुसत बाहेर आला नाही. कॉलेजची गल्ली: माझा एकोणतीस, त्यांचा पंचवीस, आणि दिवा एकच.

शेडमध्ये गेलेली मुलगी सगळ्यांत उशिरा आली.

“साडेसव्वीस,” ती म्हणाली. “बेचाळीस मिनिटं लागली. डावीकडे करपलेला. पाणी आपलं आपण घ्यायचं.”

मी माझी वही उघडली. साडेसव्वीस. चाळीस मिनिटं. डावीकडे करपलेला. माठ.

“आणि डबा?” हिने विचारलं. “बाकीच्यांनी उरलेला आणलाय.”

“उरला नाही, मॅडम.” मग घाईने, “पट्टी खाण्याआधीच लावली होती!”

पाचांपैकी एकाच ठिकाणी दोन माणसांना एकच पिझ्झा मिळाला. तिथे मला कोणी ओळखलं नव्हतं, एवढाच याचा अर्थ. त्या बाईचं माझ्यावर लक्षच नव्हतं, आणि म्हणून तिचाच पिझ्झा खरा. अपमान आहे, पण उपयोगी.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पुरवणीचं पान लागलं होतं. यादीच्या खाली अर्ध्या पानाची टायवाल्याची जाहिरात. संपादकांना सगळं सांगितलं, दोन्ही रकान्यांचा तक्ता दाखवला.

“सर, म्हणजे आपल्या प्रतिनिधीला चार ठिकाणी बनवलं, असं आपणच छापायचं?”

“हो.”

“वाचक हसतील, सर.”

“पाणीपुरवठ्याच्या बातम्यांवर बत्तीस वर्षांत एकही हसला नाही. बघू तरी कसं वाटतं.”

ते बराच वेळ जाहिरातीकडे बघत होते. मग तक्त्याकडे. मग म्हणाले, “माझी बायको मला टायवाल्याकडे दर महिन्याला नेते. सत्तावीसच असतो. मला वाटायचं, आपलंच काहीतरी चुकतंय.” आणि मग, “पाचपर्यंत द्या.” त्यात ‘सर’ नव्हतं. मला ते फार बरं वाटलं.

सुरुवात अशी केली: ‘या यादीतले चार पिझ्झे मी खाल्ले नाहीत, ते मला खाऊ घातले गेले.’ खाली तक्ता. पहिला क्रमांक शेडला. फाटक, भिंत, चिमणी अशा खुणा, कारण पाटी नाही. आणि एक वाक्य: ‘इथे मला कोणीही ओळखलं नाही.’ हे वाक्य लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वाचक हसले. सकाळपासून फोन. पाणीपुरवठा अभियंत्याचाही आला, “आमच्या जलवाहिन्यांचा व्यास मोजायलाही टोपी घालून येणार का?” टायवाल्याने जाहिरात बंद केल्याचं कळवलं. त्याच्या दुकानात काल तिघांनी टेबलावर पट्ट्या काढल्या म्हणे.

शेडकडे गेलो नाही. बातमी छापल्यावर लगेच घटनास्थळी जाणं बरं दिसत नाही. खरं कारण: जाऊन बघितलं आणि पंधराच गेलेले असले तर?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अजून गेलो नाही. हिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान सरळ केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

महिन्याचा शेवटचा दिवस. ही म्हणाली, “आता निकाल आणायला जायचं की नाही?” दुपारी निघालो. टोपी घरी ठेवली.

फाटकापासूनच रांग दिसली. आम्ही शेवटी उभे राहिलो. ही नमुने मोजण्याच्या सवयीने डोकी मोजत होती. पुढचे काही खाऊन निघाले होते, त्यामुळे हिशेब लागेना. आमच्या पुढच्या एका गृहस्थाच्या खिशातून मोजपट्टी डोकावत होती. मी दुसरीकडे बघितलं.

शेडबाहेर रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, मालाची एक गाडी लावलेली होती. तिच्या सावलीत घामाघूम झालेला एक जाडजूड माणूस लाकडं फोडत होता आणि मोठ्याने आत सांगत होता, “ताई, एवढी पुरतील का अजून फोडू?”

तासाभराने आमच्या पुढचा पट्टीवाला आत गेला, आणि आतून तिचा आवाज आला, “चाळीस! संपलं हो!”

हिने माझा हात धरला. ती हसत होती. चेहऱ्यावर, उघड, निकालासकट.

मागचे लोक कुरकुरत पांगले. आम्ही दारात उभे राहिलो. भट्टीवाली महिन्याच्या चिठ्ठ्या खिळ्यावरून काढत होती. मला बघून म्हणाली, “दादा, आज आलात? गोळा नाही आता.”

“माहीत आहे. बघायला आलो होतो.”

“लवकर यायचं ना! तुमच्याकरता ठेवला असता असं नाही, पण मिळाला तरी असता.” मग हातातल्या गठ्ठ्यातून शोधून एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरली. “ही घ्या तुमची. नाहीतर विस्तवात घालीन.”

चिठ्ठीवर १५ तारीख होती. खाली लिहिलं होतं: ‘पेपरवाले. टोपी. साधा.’

मी ती दोनदा वाचली.

“तुम्ही ओळखलं होतं मला?”

“फोटो आला होता ना, सहा तारखेलाच, सगळ्या दुकानवाल्यांच्या ग्रुपवर. टोपीसकट. खाली लिहिलेलं: साधाच मागतात, मोठा द्या, लवकर द्या.”

“मग तुम्ही...”

“मग काय?” तिला माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता. “गोळे आदल्या दिवशीच बनतात, सगळे सारखे. आणि दादा, तुम्ही आलात म्हणून विस्तव काय लवकर तापणार आहे?”

बाहेर तिचा भाऊ लाकडं फोडतच होता. परत येताना बसमध्ये मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होतो. शेवटी म्हणालो, “मी चुकीचं छापलं.”

“हो,” ही म्हणाली.

“सगळी यादी त्या एका वाक्यावर उभी होती.”

“यादी बरोबर आहे. वाक्य चुकलंय. दुरुस्ती द्या.”

उपाशी आहे. उद्या अकरालाच जाऊन रांगेत उभं राहायचं ठरलं आहे. तोवर पुढच्या रविवारचा मजकूर लिहून ठेवला. बत्तीस वर्षांत मी इतक्या आनंदाने दुरुस्ती कधी लिहिली नव्हती:

‘गेल्या रविवारच्या पिझ्झ्यांच्या यादीत एक चूक राहिली आहे. फाटकापलीकडच्या शेडमध्येही आमच्या प्रतिनिधीला ओळखलं होतं. पिझ्झा साडेसव्वीस सेंटिमीटरचाच मिळाला.’